बसून खेळायची पिशवीफेक: वृद्धाश्रमात हा खेळ कसा घ्यावा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या वृद्धाश्रमांत कुणाचा वाढदिवस, कुणाच्या आई-वडिलांची पुण्यतिथी, कॉलेजच्या मुलांची भेट अशा निमित्तानं खेळ घेतले जातात. त्यात टोपलीत चेंडू टाकण्याचा खेळ हमखास असतो आणि तो बहुतेक वेळा एकाच पद्धतीनं चुकतो. ज्येष्ठांना उभं केलं जातं आणि हातात रबरी चेंडू दिला जातो. चेंडू टोपलीच्या कडेला लागून घरंगळतो आणि आज्जी स्वतःच तो उचलायला निघतात. खरा धोका इथे असतो. फेकताना सहसा कुणी पडत नाही. तोल जातो तो वाकताना, वळताना आणि खेळ संपल्यावर खुर्चीतून झटकन उठताना.

म्हणून खालचा सगळा क्रम एका नियमाभोवती बांधला आहे: पिशवी खेळणाऱ्याकडे जाईल, खेळणारा पिशवीकडे जाणार नाही. खेळ बसून, चेंडूऐवजी धान्याच्या छोट्या पिशव्यांनी आणि खालून हलक्या हातानं फेकून खेळायचा. एका वेळी सहा ते आठ जण, दोन मदतनीस आणि सगळं मिळून पाऊण तास, एवढं धरून चाला. बारा-पंधरा जण असतील तर दोन गट करा. एकच मोठं वर्तुळ केलं की पाळी येईपर्यंत निम्मे पेंगतात.

१. आदल्या दिवशी: कोण खेळणार हे विचारून घ्या

ही पायरी पाहुणे मंडळी हटकून गाळतात. कार्यक्रमाच्या दिवशी थेट हॉलमध्ये जाऊन ‘चला, कोण कोण खेळणार?’ असं विचारलं की ज्यांनी खेळू नये तेच आधी हात वर करतात. आदल्या दिवशी तिथल्या सिस्टरना किंवा रोज सेवा करणाऱ्या मावशींना भेटा आणि प्रत्येक नावापुढे एवढं लिहून घ्या:

- अलीकडे पडले आहेत का? कंबर, खुबा, खांदा, मोतीबिंदू यांपैकी कसलं ऑपरेशन झालं आहे का? पेसमेकर नुकताच बसवला आहे का? असेल तर डॉक्टरांनी मोकळीक दिल्याशिवाय फेकायला बसवायचं नाही.
- साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे का, आणि नाश्ता किती वाजता होतो?
- उठल्यावर चक्कर येते का? रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना हा त्रास बराच असतो.
- कोणता हात चांगला चालतो? लकवा होऊन गेला असेल तर कोणत्या बाजूचं दिसत नाही किंवा लक्षात येत नाही?
- कोणती भाषा बरी पडते?

शेवटचा प्रश्न आपल्या भागात महत्त्वाचा आहे. शहापूर-वडगावच्या आज्जी मराठीत बोलतील, त्यांच्या शेजारी बसलेल्या बैलहोंगलच्या अज्जी कन्नडमध्ये. तुमच्या मदतनिसांत कन्नड येणारा एक जण हवाच. ते जमलंच नाही तर ‘नोवु’ (दुखणं), ‘साकु’ (पुरे), ‘नीरु’ (पाणी) आणि ‘तले तिरुगुत्तिदे’ (चक्कर येतेय) एवढं तरी प्रत्येकाला ओळखता आलं पाहिजे. खेळताना माणूस तक्रार करतो ती स्वतःच्या भाषेत आणि हळू आवाजात.

कुणाला खेळायचं नसेल तर आग्रह करू नका. त्यांना गुण मोजायला पाटी द्या, नाहीतर नुसतं बघू द्या. दोन आठवडे कडेला बसून बघणारी माणसं तिसऱ्या वेळी आपणहून पिशवी मागतात.

२. पिशव्या शिवणं

बाजारात मिळणारे मऊ चेंडू या खेळासाठी घेऊ नका. चेंडू घरंगळतो, हातात नीट बसत नाही आणि संधिवातानं वाकडी झालेली बोटं त्याला धरू शकत नाहीत. धान्याची पिशवी चिमटीत, मुठीत, तळहातावर कशीही धरता येते आणि पडते तिथंच राहते.

कापड जाड सुती हवं. शहापूरच्या कापडदुकानांत कटपीस मिळतात, नाहीतर जुनी चादर चालते. नायलॉन किंवा सिंथेटिक साडीचा तुकडा सटकतो, तो नको. १२ सेंटिमीटरचे चौकोन कापा. शिलाईत दोन्हीकडून एक-एक सेंटिमीटर गेलं की १० सेंटिमीटरची पिशवी तयार होते.

भरायला जोंधळा सगळ्यात बरा. एका पिशवीत १०० ग्रॅम, म्हणजे बारा पिशव्यांना साधारण सव्वा किलो. पिशवी गच्च भरायची नाही. ती तळहातावर ठेवल्यावर पसरली पाहिजे. हातात जोर नसलेल्यांसाठी तीन-चार पिशव्या ५०-६० ग्रॅमच्या वेगळ्या रंगात करा. परदेशात स्पर्धेसाठी वापरतात त्या पिशव्या ४०० ग्रॅमच्या वर असतात. व्हिडिओ बघून तेवढ्या जड करू नका, दुखऱ्या खांद्याला ते वजन झेपणार नाही.

चिंचोक्यांचा आवाज छान येतो आणि कमी दिसणाऱ्यांना तो उपयोगी पडतो. पण शिवण उसवली तर सांडलेल्या चिंचोक्यावरून पाय सटकतो, आणि स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती तो तोंडात घालू शकते. म्हणून चिंचोके असोत की जोंधळा, पिशवी दुहेरीच हवी. आतली कायमची शिवलेली, दोन वेळा टीप मारलेली. बाहेरची खोळ काढून धुता येईल अशी, तोंडाशी कापडी बंद आत दुमडलेला. बटण, चेन, टिकल्या काही लावू नका. वयानं कातडी पातळ होते, तिच्यावर एवढ्यानंही ओरखडा उठतो.

*तपासा:* प्रत्येक पिशवी भिंतीवर दहा वेळा जोरात आपटा. मग शिवण दोन्ही हातांनी ताणून बघा. एक दाणा जरी बाहेर आला तरी पिशवी परत मशीनवर.

३. जागा, खुर्च्या आणि बुट्टी (टोपली)

हॉल निवडताना आधी जमीन बघा. आपल्याकडे जुन्या इमारतींत शहाबादी फरशी किंवा गुळगुळीत कोबा असतो आणि दोन्ही ओले झाले की पाय ठरत नाही. बेळगाव-खानापूरच्या पावसात जून ते सप्टेंबर हॉलच्या दारात छत्र्यांचं पाणी साचतं. छत्र्या बाहेरच बादलीत ठेवायला लावा आणि खेळाच्या अर्धा तास आधी फरशी कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. दारात पाय पुसायला टाकलेलं गोणपाट बाजूला करा, त्याच्या कडा वळतात आणि चप्पल अडकते. सतरंजी, चटई, पंख्याची वायर, जमिनीवर ठेवलेली दोरी किंवा रिंगा, यांतलं काहीही चालायच्या वाटेत नको. अंगणातला खेळ कार्यक्रमाला देखणा दिसतो, पण पावसाळ्यात शेवाळ आणि उन्हाळ्यात डोळ्यांवर येणारा उजेड यांमुळे हॉलच बरा.

खुर्ची हातांची, चार पक्क्या पायांची आणि अशा उंचीची हवी की पावलं पूर्ण जमिनीला टेकतील. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या हलक्या असतात. एका बाजूला रेललं की त्यांचे पाय फाकतात. दुसरी सोयच नसेल तर खुर्चीची पाठ भिंतीला टेकवा. पावलं पोचत नसतील तर खाली पाट ठेवा आणि उठण्याआधी तो आठवणीनं काढा.

व्हीलचेअर असेल तर दोन्ही ब्रेक लावा आणि पायटेकू वर करून पावलं जमिनीवर घ्या. पावलं पायटेकूवर ठेवून पुढे झुकलं तर खुर्चीच पुढे उलटू शकते.

खुर्च्या अर्धगोलात मांडा आणि दोन खुर्च्यांमध्ये हातभर जागा सोडा. खिडकी खेळणाऱ्यांच्या पाठीशी किंवा बाजूला हवी. बुट्टीमागे उघडी खिडकी असली तर समोर फक्त चकाकी दिसते आणि बिचारे ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून पिशवी खाली ठेवतात.

आता बुट्टी. बांबूची, रुंद तोंडाची, दीड फुटाच्या आसपास. परात घेऊ नका, ती चमकते, दणदणते आणि श्रवणयंत्र लावलेल्यांच्या कानात तो आवाज घुसतो. बुट्टीच्या आत फरशीच्या उलट रंगाचं कापड घाला: काळपट शहाबादीवर पिवळं, पांढऱ्या टाइल्सवर लाल. वयानं डोळ्याचं भिंग पिवळसर होतं आणि निळा, हिरवा, जांभळा यांतला फरक पुसट होतो, म्हणून ते रंग टाळा. ज्यांना अगदीच कमी दिसतं त्यांच्यासाठी बुट्टीच्या काठाला एक घुंगरू बांधा आणि फेकण्याआधी ते वाजवून दाखवा.

सुरुवातीला बुट्टी खेळणाऱ्याच्या गुडघ्यांपासून एक मीटरवर. गुडघ्यांमुळे जमिनीवरची बुट्टी दिसत नसेल तर ती स्टुलावर चढवा. अर्धगोलातल्या प्रत्येकाला एकाच जागेवरच्या बुट्टीत टाकायला लावू नका. बुट्टी प्रत्येकासमोर सरकवत न्यायची, म्हणजे कुणालाच कंबरेत वळावं लागत नाही. ठिसूळ हाडांना वाकण्याइतकाच पिळाचाही त्रास होतो.

*सावध:* खुणेसाठी फरशीवर रंगीत टेप लावली असेल तर खेळ संपताच काढा. दुसऱ्या दिवशी तिची कड सुटते आणि पहाटे बाथरूमला निघालेल्या माणसाच्या पायात येते.

४. खेळाआधीची पंधरा मिनिटं

वेळ सकाळची, नाश्त्यानंतर तासाभरानं. रिकाम्या पोटी नको, जेवून लगेच नको. संध्याकाळ तर नकोच, कारण स्मृतिभ्रंश असलेल्यांची घालमेल दिवस मावळताना वाढते. अथणी-कागवाडकडे एप्रिल-मेमध्ये दहाच्या आत संपवा. बेळगावात डिसेंबर-जानेवारीत अकराच्या आधी सुरू करू नका, तोवर बोटंच आखडलेली असतात.

क्रम असा ठेवा: आधी लघवीला जाऊन येणं, मग चष्मा आणि श्रवणयंत्र, मग पाणी, मग खुर्ची. लघवीचा प्रश्न कुणी तोंडानं सांगत नाही, पण निम्म्या वेळा खेळ मध्येच सोडून उठण्याचं कारण तेच असतं. चप्पल मागे पट्टा असलेली हवी. नुसते मोजे घालून फरशीवर चालवू नका. लुगड्याचा पदर खोचलेला, धोतराचा सोगा वर घेतलेला आहे ना हे जागेवर बसण्याआधी बघा, बसल्यावर ते ओढणं बरं दिसत नाही.

टीव्ही बंद, भजनाची टेप बंद, माईक नको. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी ओरडून काही होत नाही. उंच स्वर आधी जातात, म्हणून समोर येऊन, थोड्या खालच्या आवाजात आणि सावकाश बोला. पहिल्या भेटीतच विचारा, ‘तुम्हाला काय म्हणून हाक मारू?’ कुणाला काकी आवडतं, कुणाला आक्का. निवृत्त शिक्षकांना मास्तर किंवा बाई म्हटल्यावर त्यांची पाठ ताठ होते. सरसकट ‘चला आज्जी, चला आजोबा’ म्हणत सुटू नका.

५. हात मोकळे करणं

पाच मिनिटं पुरतात, पण ही पाच मिनिटं कापायची नाहीत. बसल्या जागी टाचा वर-खाली, मग पंजे वर-खाली. खांदे कानांकडे न्यायचे आणि सोडायचे. मनगटं गोल फिरवायची. मुठी आवळायच्या, बोटं पसरायची. शेवटी रिकाम्या हातानं फेकण्याची क्रिया पाच वेळा. प्रत्येक गोष्ट आधी तुम्ही करून दाखवा, मग त्यांनी. श्वास रोखू नये म्हणून सगळ्यांनी मोठ्यानं आकडे मोजायचे. एकदा ‘एक, दोन, तीन’, एकदा ‘ओंदु, एरडु, मूरु’. सीमाभागातल्या माणसांना दोन्ही येतात, आणि कन्नड आकड्यांवर आतापर्यंत गप्प बसलेला कोपरा बोलायला लागतो.

*तपासा:* या पाच मिनिटांत कुणी धापा टाकतंय का, कुणाचा खांदा अर्ध्यावर अडतोय का? त्यांची जागा मदतनिसाच्या शेजारी करा.

६. पहिली फेरी

एक मदतनीस बुट्टीजवळ छोट्या स्टुलावर बसतो. खाली पडलेल्या पिशव्या उचलणं आणि बुट्टी सरकवणं एवढंच त्याचं काम. दुसरा खेळणाऱ्याच्या बाजूला, चांगल्या हाताकडे उभा. एकाला तीन पिशव्या. पुढच्या खेळणाऱ्याच्या मांडीवरही त्याच्या तीन पिशव्या आधीच ठेवलेल्या असाव्यात, म्हणजे पाळी पटकन सरकते.

पिशवी लांबून झेलायला देऊ नका. ‘पकडा!’ म्हणून टाकलेली पिशवी झेलायला माणूस नकळत खुर्चीतून पुढे येतो. ती तळहातावर ठेवायची, बोटं मिटली की मग आपला हात काढायचा.

फेक खालून, कोपर अंगाजवळ, हात खांद्याच्या वर जाणार नाही अशी. बायाबापड्यांना ती एका वाक्यात कळते: अंगणात कोंबड्यांना दाणे टाकता तसं. एवढं म्हटलं की मनगट आपोआप सैल पडतं. डोक्यावरून फेकायची सवय लागलेल्यांना, विशेषतः जुन्या क्रिकेटवाल्यांना, दोन-तीनदा सांगावं लागेल.

सूचना एका वेळी एकच. बोलणं साधारण असं:

‘आक्का, ही पिशवी तुमच्या हातात. धरली? आता बुट्टीकडं बघा. ते पिवळं दिसतंय न्हवं? टाका की.’

मग गप्प राहा. फेकायला दहा सेकंद लागोत नाहीतर वीस. बहुतेक जण इथेच घाई करतात. ‘टाका, टाका, हं, टाका’ असा मारा सुरू होतो आणि ज्याला विचार करून हात हलवायचा आहे त्याचा हात तिथंच थिजतो. पार्किन्सन असलेल्यांना मात्र ठेका मदत करतो: ‘मागे... पुढे... सोडा’, तोही एका लयीत, घाई न करता.

लकवा होऊन गेलेल्यांना चांगल्या हातानं फेकू द्या. दुसरा हात मांडीवर उशी देऊन ठेवा, तो कधीही ओढून पुढे आणू नका, खांदा निखळण्याची भीती असते. एका बाजूचं दिसत नसेल तर बुट्टी दिसणाऱ्या बाजूला ठेवा. मूठ सुटतच नसेल तर फेकण्याचा हट्ट सोडा: एक गुळगुळीत फळी मांडीवरून बुट्टीपर्यंत उतरती धरा आणि पिशवी ढकलायला सांगा. पिशवी घसरत जाऊन बुट्टीत पडते तेव्हाचा आनंद इतरांइतकाच असतो. त्याचे गुणही इतरांइतकेच.

पहिल्या फेरीत तीनपैकी दोन पिशव्या आत गेल्या पाहिजेत. जात नसतील तर बुट्टी जवळ आणा, गरज पडली तर पावलांच्या पुढ्यात. हे न बोलता करायचं. ‘तुम्हाला जमत नाही, जवळ आणतो’ असं बोललात तर पुढच्या वेळी ते येणार नाहीत.

७. पुढच्या फेऱ्या आणि गुण

तिन्ही पिशव्या सहज जात असतील तरच त्या व्यक्तीसाठी बुट्टी अर्धा हात मागे. दोन मीटरच्या पलीकडे नेऊ नका, मग जोर लावायला माणूस पाठ सोडून पुढे येतो. तीन फेऱ्या पुरे.

गुणांबद्दल माझं मत ठाम आहे: पहिला-दुसरा नंबर आणि बक्षीस ठेवू नका. बक्षिसाची साडी समोर दिसली की दुखणारा खांदाही जोर लावतो आणि हरलेली माणसं दुपारी जेवत नाहीत. सगळ्यांच्या मिळून किती पिशव्या आत गेल्या ते पाटीवर लिहा आणि मागच्या वेळच्या आकड्याशी ताडा. टाळ्या प्रत्येकाला, बाहेर पडलेल्या पिशवीलाही.

लहानपणी सागरगोटे खेळलेल्या बायका मध्येच पिशवी वर उडवून झेलायला बघतील. त्यांना खेळू द्या. पाठ टेकलेली आणि नजर खाली आहे एवढंच बघा. पिशवी फार वर गेली की मान मागे पडते आणि भोवळ येऊ शकते.

८. थांबवायचं कधी

छातीत दुखणं किंवा भरून येणं, धाप, चक्कर, अचानक उतरलेला चेहरा: खेळ तिथंच थांबवा, त्या व्यक्तीला उभं करू नका, सिस्टरना हाक मारा. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं तर १०८ ला फोन करा आणि लक्षणं सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा.

मधुमेही माणसाला घाम, थरथर आणि भांबावलेपण दिसलं तर साखर उतरलेली असू शकते. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायला लावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. साखरेचा डबा आणि पाण्याचा तांब्या खेळाच्या जागीच असावा, स्वयंपाकघरात नको.

९. संपवणं आणि उठणं

शेवटची पिशवी पडली की पाहुणे फोटोसाठी सगळ्यांना उभं करतात. नेमकं हेच करायचं नाही. अर्धा तास बसलेल्या माणसाचा रक्तदाब उठताना उतरतो. क्रम असा:

आधी पिशव्या मोजून गोळा करा, बारा म्हणजे बारा. बुट्टी, स्टूल, पाट बाजूला. सांडलेले दाणे झाडून घ्या. या वेळात सगळे बसलेलेच, खांदे सैल, सावकाश श्वास, पाणी किंवा चहा. मग टाचा दहा वेळा वर-खाली. मग एक-एक जण, मदतनिसाच्या सोबत: खुर्चीच्या कडेला सरकणं, पावलं मागे घेणं, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठणं, उभं राहून थोडा वेळ थांबणं, आणि मगच पहिलं पाऊल. काखेत हात घालून ओढून उठवू नका. फोटो हवा असेल तर बसलेल्यांचाच काढा, आणि तोही त्यांना विचारून.

१०. वही आणि पिशव्यांची देखभाल

घरी जाण्याआधी वहीत चार शब्द: कोण, कोणता हात, बुट्टी किती लांब होती, काही दुखलं का. पुढच्या वेळी येणारी मुलं वेगळी असतात आणि ही वही नसली की ती पुन्हा पहिल्यापासून चुकतात. आठवड्यातून दोनदा खेळ झाला तर उत्तम. वर्षातून एकदा दणक्यात घेण्यापेक्षा वृद्धाश्रमाच्या मावशींना शिकवून त्यांच्याकडे पिशव्या सोपवणं जास्त कामाचं.

खोळी दर वेळी धुवा. आतल्या पिशव्या धुवायच्या नाहीत, उन्हात घालायच्या. पावसाळ्यात ऊन मिळत नाही, तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यासह ठेवा आणि वास घेत राहा. बुरशीचा वास किंवा पोरकिडे दिसले तर जोंधळा टाकून द्या, वाळवून परत भरू नका. एरवीही पावसाळा संपला की दर वर्षी दाणे बदला आणि त्याच वेळी सगळ्या शिवणींवरून नवी टीप मारून घ्या.